पायाखालची वाळू

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. रविवारी चहा घेताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि कुठे कुठे थापा आहेत त्या शोधून काढते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... अरे काय हे! मी शाळेत भूगोल शिकवते. वारा का वाहतो, भरती का येते, याला कारण असतं आणि ते फळ्यावर काढून दाखवता येतं, हे मुलांना सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेली बघून नवरा मघापासून गालातल्या गालात हसतोय. हसू दे. पण पुढे ज्या व्हिडिओबद्दल सांगणार आहे तो त्यानेच काढलाय, त्यामुळे त्याचं हसणं फार वेळ टिकत नाही.

माझं माहेर आगाशीचं, केळीच्या वाडीवाल्यांचं. सासर कराडकडचं. आम्ही राहतो विरार पश्चिमेला. नवरा, मी आणि मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. सोसायटीजवळ कृत्रिम तलाव होतो, पण मी हट्टी. माहेरचा गणपती पूर्वीपासून अर्नाळ्याच्या समुद्रात जातो, तर माझाही तिथेच जाणार. मूर्ती शाडूची, छोटी, पाटावर मावेल एवढीच. त्या वर्षी धाकटे दीर, सचिन भाऊजी, खास गणपतीसाठी कराडहून आले होते. कृष्णेत पुलावरून उड्या मारत मोठा झालेला माणूस. पाण्याला घाबरणं म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. उलट माझा नवरा त्याच घरातला, पण घोट्याच्या वर पाणी आलं की देव आठवणारा.

जागा नीट सांगते, म्हणजे कुणाला जाऊन बघायचं असेल तर बघता येईल. आगाशीवरून येणारी बस अर्नाळ्याला सोडते तिथून किनाऱ्यावर उतरायचं. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला लांब कोळीवाडा, होड्या, आणि पाण्यापलीकडे किल्ला. डाव्या हाताला सुरूची झाडं. त्या झाडांच्या थोडं अलीकडे गर्दी जरा कमी असते, तिथे आम्ही उभे होतो. दुपारी भरती होऊन गेली होती आणि पाणी परत फिरायला लागलं होतं. ऊन अजून होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आता थोडा वर्ग घेते. कंटाळू नका, याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समुद्राचा तळ किनाऱ्याजवळ सपाट नसतो. थोडं आत गेलं की वाळूचा एक लांब उंचवटा असतो, किनाऱ्याला समांतर. त्याला वाळूचा दांडा म्हणतात. लाट खोल पाण्यातून मजेत येत असते. दांड्यावर आली की तळ तिच्या पायात येतो, ती पुढे झुकते आणि फुटते. म्हणजे जिथे पांढरा फेस दिसतो तिथे खाली वाळू जवळ आहे, माणूस उभा राहू शकतो. पण दांडा सलग नसतो. मध्येच कुठेतरी त्याला फट असते. तिथे खोल असल्यामुळे लाट फुटत नाही, पाणी काळपट आणि गप्प दिसतं. आणि दांड्यावरून आत आलेलं सगळं पाणी परत समुद्रात जायला तीच फट शोधतं. तिथे पाय टाकला की ते तुम्हाला सरळ आत घेऊन जातं. माझे बाबा या फटीला ‘वाट’ म्हणायचे. “आज त्या बाजूला वाट पडलीय. पांढऱ्यात खेळा. काळ्यात गेलात तर तंगडं तोडीन!” एवढा दम देऊन आम्हा भावंडांना पाण्यात सोडायचे.

बाहेरून आलेल्या माणसाला नेमकं उलटं वाटतं. त्यात विसर्जन! लाटांमध्ये मूर्ती नेली तर लाट ती हातातून हिसकावते, उलटीपालटी करते, परत किनाऱ्यावर आणून टाकते. बघवत नाही ते. म्हणून भला माणूस काय करतो? लाटा नसलेली जागा शोधतो. बाप्पा शांतपणे जावा म्हणून.

आरती झाली. मी निरांजन, ताम्हन, उरलेला कापूर पिशवीत भरत होते. नवरा कोरड्या वाळूत चपला सांभाळत मोबाईलवर शूटिंग करत होता. भाऊजींनी पाट उचलला, मुग्धा त्यांच्या बरोबर निघाली. वाऱ्यावर भाऊजींचा आवाज ऐकला, “मुग्धे, हितनं चल. हितं बघ, लाटच न्हाई. एकदम निवांत पाणी.”

मान वर केली तर दोघं सरळ वाटेकडे चाललेले.

मी पिशवी टाकली आणि ओरडले, “भाऊजी! मागे या! मागे या!”

आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी काय करावं? त्यांना फक्त ते ‘या’ ऐकू गेलं. चारही बाजूंनी हात वर झाले, “पुढच्या वर्षी लवकर याऽऽ!” मी परत जिवाच्या आकांताने “मागे या!” आणि ते परत दुप्पट उत्साहाने “गणपती बाप्पा मोरया!” एक आजी तर माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटलं, बाईला बाप्पाचा विरह सहन होत नाहीये. अहो आजी, माझी पोर चालली होती हो!

भाऊजी छातीभर पाण्यात गेले, त्यांनी मूर्ती खाली सोडली आणि पाट मुग्धाच्या हातात दिला. वळले, तर पाय टेकेना. माणूस उंच, ताकदवान. हातपाय मारत ते कसेबसे उजवीकडच्या दांड्यावर चढले आणि उभे राहिले. मुग्धाला ते जमलं नाही. तिची पिवळी ओढणी मला दिसत होती, आणि ती प्रत्येक श्वासाला लांब जात होती.

त्या वेळी डोक्यात काय आलं असं सगळे विचारतात. काही नाही आलं. फक्त एक — हिला घेऊन यायचंच. दुसरं काही होणं मला मंजूर नव्हतं. मी साडी गुडघ्यावर खोचली आणि त्याच वाटेत शिरले, कारण तिच्यापर्यंत सगळ्यात लवकर नेणारं पाणी तेच होतं. शिरताना मला पक्कं माहीत होतं की हे आत नेतं, बाहेर आणत नाही. लहानपणापासून पोहते मी, पण आता वय झालंय, आणि साडी पाण्यात सुटून पायांना गुंडाळली जाते हे बाबांनी काही शिकवलं नव्हतं.

पोहोचले तिच्यापर्यंत. ती रिकाम्या पाटावर हनुवटी टेकवून तरंगत होती. ओठ पांढरेफटक पडलेले. “आई, होत नाहीये गं,” एवढंच म्हणाली.

“सरळ नाही जायचं. आडवं जायचं, दांड्याकडे. चल. पाय मार!”

आम्ही पाय मारले. दांडा इतका जवळ होता! डावीकडे, सुरूच्या बाजूला, लाटा फुटताना दिसत होत्या, तिथे भगव्या टोप्या घातलेलं एक कुटुंब कमरेएवढ्या पाण्यात गणपती घेऊन उभं होतं, त्यांचे चेहरे दिसत होते. पण ते पाणी आम्हाला सोडेना. माझे हात जड झाले. मुग्धाने डोळे मिटले तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. हो, मारली. “डोळे मिटायचे नाहीत! मी मेले तरी चालेल, तू नाही मिटायचे!” असं काहीतरी ओरडले. खाऱ्या पाण्याने तोंड भरलं.

आणि आमच्या पाठीमागे लाट फुटली.

वाचणाऱ्यांनी इथे जरा थांबा. वाटेत लाट फुटत नाही. खाली तळच जवळ नाही तर फुटेल कशी? पण ती फुटली. फेस आमच्या डोक्यावरून गेला, आणि तो उतरला तेव्हा माझे गुडघे वाळूला लागले. मी उभी राहिले. पाणी कमरेला! पायाखाली घट्ट, ओली वाळू, आणि तिच्यावर त्या बारीक वळ्या असतात ना पाण्याने पडलेल्या, त्या तळव्यांना स्पष्ट लागत होत्या. मुग्धाला दंडाला धरून उभी केली.

“आई... जमीन आहे.”

“आहे. चल.”

तिने काय केलं सांगू? वाकली आणि मूठभर वाळू काढून पाटावर ठेवली. विसर्जन झालं की पाटावर थोडी वाळू घरी न्यायची ही आपली पद्धत. पोरीचं डोकं बंद पडलेलं, पण हात पद्धत विसरले नव्हते. मी खेकसले, “झालं ना? चल आता!” आणि आम्ही दोघी चालत बाहेर आलो. पोहत नाही, चालत. किनाऱ्यापर्यंत पाणी कमरेच्या वर आलं नाही, मग गुडघ्यावर, मग घोट्यावर. किनाऱ्यावर आलो आणि मी वळून पाहिलं. तिथे परत काळं, गप्प पाणी होतं.

नवरा मुग्धाला मिठी मारून लहान मुलासारखा रडत होता. भाऊजी थरथरत म्हणाले, “वैनी, बाप्पानंच वाचवलं.” मी म्हटलं, “बाप्पाला वाचवायचं होतं तर त्याने तुमच्या डोक्यात आधीच उजेड पाडला असता!” नंतर मीच त्यांना गरम चहा करून दिला.

आता इथे अनुभव संपवून ‘विश्वास ठेवा अथवा ठेवू नका’ म्हणता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मला हे फळ्यावर काढता येईना आणि त्यामुळे मला झोप लागेना. मी मागेच लागले.

दोनच दिवसांत, पाणी तशाच पातळीला असताना, कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या तांडेलाची होडी घेऊन तिथे गेले. दोराला दगड बांधून सोडला. जिथे आम्ही उभ्या होतो तिथे दोन पुरुष पाणी. दगड टेकायला वेळच लागला. तांडेल म्हणाला, “बाय, हितं पानी कवाच कमरेला नसते. कोनी सांगला तुला?” मी म्हटलं, “माझ्या कमरेनेच सांगितलं.” तो हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

दांडे सरकतात, मला माहीत आहे. पावसाळ्यात सरकतात, मोठं वादळ झालं तर एका रात्रीत सरकतात. पण डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अख्खी वाट भरून निघाली आणि आम्ही चालून आल्यावर परत मोकळी झाली, असं कुठल्याच पुस्तकात नाही. शाळेतले एक सर म्हणाले, बुडालेल्या मूर्तींच्या ढिगावर उभ्या राहिल्या असाल. अहो, शाडूच्या मूर्ती आणि वाळूच्या वळ्या यांतला फरक माझ्या तळपायांना कळतो. नवरा म्हणाला, घाबरल्यामुळे भास झाला. दोघींना एकच भास? आणि पाटावरची वाळू? तीही भास?

मग एके दिवशी मला त्या व्हिडिओची आठवण झाली. आम्ही पाण्यात असताना नवऱ्याचा हात तसाच मोबाईल धरून गोठला होता. शूटिंग चालूच राहिलं होतं आणि ते बघायची हिंमत घरात कुणालाच झाली नव्हती. मी बघितलं. वाट पांढरी झालेली त्यात स्वच्छ दिसते. लाटा फुटताहेत, फक्त तिथेच. आमची डोकी वर येतात, मग खांदे, मग आम्ही उभ्या. पण माझं लक्ष डावीकडे गेलं आणि मी व्हिडिओ थांबवला. डावीकडच्या दांड्यावरचा फेस गायब होता. तिथे पाणी काळं आणि गप्प. जणू इकडचं तिकडे झालं होतं.

आणि त्या काळ्या पाण्यात भगव्या टोप्यांचं ते कुटुंब. बाकीचे किनाऱ्याकडे परत फिरलेले. एकटे वयस्कर गृहस्थ मूर्ती छातीशी धरून उभे होते. ते एकदम गळ्यापर्यंत गेले. मूर्ती हातातून निसटली. मग नुसती टोपी दिसली. मग परत डोकं. किनाऱ्यावर त्यांच्या घरची माणसं पोट धरून हसत होती.

वाळू आमच्या पायाखाली आली, ती कुणाच्या तरी पायाखालून गेली होती. माझी पोर वाचली ती कुणाच्या जिवावर, हे कळल्याशिवाय मला घास उतरेना. तो माणूस बाहेर आला की नाही हे व्हिडिओत दिसत नाही. त्याआधीच नवऱ्याने मोबाईल टाकला होता.

व्हिडिओतून काढलेला भगव्या टोप्यांचा फोटो घेऊन मी आगाशीच्या बाजारात फिरले, ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. शेवटी माझ्या माहेरच्या भावाने ओळखलं, “हे तर बोळिंजचे राऊत काका!” मी त्याला पहिला प्रश्न विचारला, “आहेत का?” तो म्हणाला, “म्हणजे काय? परवाच दिसले.” मी तिथेच बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले.

मुग्धाला स्कूटरवर बसवून त्याच संध्याकाळी गेले. तिला म्हटलं, तू खालीच थांब, आधी मी बोलते. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. मी सांगितलं, विसर्जनाच्या दिवशी आम्ही तिथेच होतो. तशा काकू हसायलाच लागल्या.

“बघितलंत ना यांचं? इतकी वर्षं आमच्या अख्ख्या भावकीचा गणपती हेच नेतात, कधी काही झालं नाही. आणि या वर्षी चक्क हातातून सोडला! विचारलं काय झालं, तर म्हणे पायाखालची वाळू सरकली. तेव्हापासून एकच पालुपद, पायाखालची वाळू सरकली, पायाखालची वाळू सरकली. अहो, घाबरलात म्हणा की सरळ! मुलगा म्हणाला, बाबांना चक्कर येते. डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो काढून झाले. पुढच्या वर्षीपासून मुलगाच नेणार आता.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

मी त्यांच्या समोर खुर्ची ओढली. “काका, सरकली म्हणजे काय झालं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“सरकली म्हणजे सरकली,” ते सावकाश म्हणाले. “वाळू. माझ्या पायाखालची. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि कुणीतरी सतरंजी ओढावी तशी ती उजव्या बाजूला निघून गेली. ती परत पायाला लागेपर्यंत कसाबसा तरलो. मी ओरडलोसुद्धा. सगळे हसले.”

उजव्या बाजूला. म्हणजे आमच्याकडे.

मी मोबाईल काढला आणि दोघांच्या मध्ये धरला. काय दिसणार आहे ते आधी सांगितलं नाही. काकांनी एकदा बघितलं आणि मान हलवत राहिले. काकू मात्र परत लावा म्हणाल्या. परत लावला. टोपी पाण्यावर दिसते तिथे त्यांनी माझा हात घट्ट पकडला.

“अहो... तुम्ही बुडत होतात?”

“हो.”

“आणि आम्ही...” काकू पदर तोंडाशी धरून मटकन खाली बसल्या. “आम्ही हसत होतो हो. मी सगळ्यात मोठ्याने हसत होते.”

मी मुग्धाला वर बोलावलं. ती दारात आली, संकोचून उभी राहिली. मी काकांना म्हटलं, “वाळू आमच्याकडे आली होती काका. हिच्या पायाखाली. कशी आली ते मला सांगता येणार नाही. मी खूप शोधलं, अजून शोधतेय, सोडणार नाही, पण आज माझ्याकडे उत्तर नाही.” खरंच नाही. आजही नाही. कुणाकडे असेल तर कळवा, फक्त भास झाला असं सांगू नका.

काका उठले. मुग्धाजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मागे वळून काकूंना म्हणाले, “अगं, रडतेस कशाला? बघ तरी इकडे. पोरगी उभी आहे समोर.”